परिशिष्टातलं आवतण

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी दहा सेकंदांचं एक दृश्य दाखवत असे. टपरीवर एक माणूस चहा पितोय, मागं रेडिओवर गाणं लागलंय, भिंतीवर देवाचं कॅलेंडर आहे, एक कुत्रं समोरून आडवं जातं. एवढंच. मग मी विचारायची, "ह्यासाठी किती जणांची परवानगी लागेल?"

नवी मुलं म्हणत, दोघांची. चहा पिणारा आणि टपरीवाला. तास संपेपर्यंत फळ्यावर नावांची रांग झालेली असे. गाणं लिहिणारा, चाल लावणारा, गाणारी, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी, कॅलेंडरवरच्या देवाचं चित्र काढणारा चित्रकार, कॅलेंडरवर जिचं नाव छापलंय ती पेढी. कुत्र्याबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. "त्याची सही नको," मी सांगायची, "पण मालक असेल तर त्याची घेऊन ठेवा. आणि प्राणी वापरला म्हणून जिथं कळवायचं असतं तिथं कळवा."

माध्यम आणि मनोरंजन कायदा हे नाव भारदस्त आहे, काम त्यामानानं साधं. पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं ते सगळं कुणाचं ना कुणाचं असतं. ते कुणाचं आहे हे शोधायचं, घेण्याआधी त्याला विचारायचं, आणि विचारल्याचा कागद जपून ठेवायचा. मी मुंबईत आधी हे काम केलं आणि नंतर बरीच वर्षं ते शिकवलं. शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम होता. नुकते वकील झालेले, निर्मात्यांच्या कार्यालयात काम करणारे, कधी एखादा नट सुद्धा येऊन बसायचा. आता निवृत्त होऊन जव्हारला राहते. पुस्तकं आहेत, मागच्या अंगणात दोन फणस आहेत, आणि बोलायला फारसं कुणी नाही, त्याची मला सवय आहे.

ह्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडून गमतीदार अनुभवांची अपेक्षा होती. ते आहेत. एक निर्माते लेखकाची संमती म्हणून लग्नपत्रिकेच्या पाठीवर घेतलेली सही घेऊन आले होते. पत्रिका उलटवली की 'कृपया आहेर आणू नये' हे ठळक अक्षरांत. पुढं लेखक आणि त्यांचं बिनसलं तेव्हा ती पत्रिका आम्ही खरोखर न्यायालयात दाखल केली. एका नटीच्या करारात लिहिलेलं होतं की तिचं नाव नायकाच्या नावाएवढंच मोठं छापायचं. पोस्टर आलं आणि तिनं मला बोलावून घेतलं. मी पर्समधून पट्टी काढून दोन्ही नावं मोजली. उंची अगदी सारखी होती. पण नायकाचं नाव तीन अक्षरांचं, ऐसपैस बसलेलं, आणि हिचं दहा अक्षरांचं, दाटीवाटीनं कोंबलेलं. "करार पाळलाय," मी म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पट्टीनं बघताय. मी डोळ्यानं बघते."

हे मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं हसायची. तिच्या बोलण्यात मला उद्देशून काही होतं हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

गेल्या माघात माझी आत्या गेली. तेव्हापासून कामातलं काही आठवायला बसलं की एकच काम आठवतं. तेही मी वर्गात सांगत असे, अनेक वर्षं, अभिमानानं. निदान एकदा ते जसं घडलं तसं सांगायला हवं. हे लिहायला मला सबंध पावसाळा लागला.

लखमी आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मोखाड्याहून जीपनं अर्धा तास आणि मग पायी चढ, असा तिचा पाडा. वडील शिकले, शिक्षक झाले, बदली होऊन जव्हारला आले, म्हणून मी शिकले. आत्या पाड्यावरच राहिली. ती धवळेरी होती. आम्हा वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती धवळेरी, आणि ती ते गाऊन लावते. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायला बसल्या की तिनं गायचं, हळद लागताना गायचं. तिचं गाणं झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. ती कधी शाळेत गेली नव्हती, आणि गाताना अडखळलेली मी कधी पाहिली नाही.

त्यातलं एक आवतणाचं गाणं होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाड्याच्या कडेला उभं राहून आत्या सगळ्यांना लग्नाला बोलवायची. माणसांना नव्हे, माणसं तोवर आलेलीच असत. झऱ्यांना, डोंगरांना, माळांना, मोठ्या झाडांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं तो येतो, ज्याचं राहिलं तो येत नाही आणि रुसून बसतो. आमच्या पाड्याचं आवतण शेजारच्या पाड्याला उपयोगाचं नाही, कारण त्यांचं पाणी वेगळं, त्यांची झाडं वेगळी. आणि त्यात काही नावं अशी होती की ती आता कुठं बोट दाखवून सांगता येत नाहीत. आटलेला झरा, तोडलेला मोह, धरणाच्या पाण्याखाली गेलेली खिंड. लहान असताना मी आत्याला विचारलं होतं, "तो झरा आटला ना, मग त्याला कशाला बोलवतेस?"

"आटला म्हनून आवतन नाय द्यायचा?" ती म्हणाली. "तुझा आजा मेला, त्याचा नाव टाकला का आपन?"

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मसाल्याच्या कंपनीला हळदीची जाहिरात करायची होती. त्यांना खऱ्या खेड्यातलं, खऱ्या बाईच्या आवाजातलं लग्नाचं गाणं हवं होतं. ती जाहिरात करणारी संस्था माझी अशील होती. बैठकीत कुणीतरी म्हणालं, असा आवाज आणायचा कुठून. मी म्हणाले, "माझी आत्या गाते." बोलताना मला फार बरं वाटलं होतं. त्या खोलीत एवढी वर्षं बसून मी आपल्या घरातलं काही पहिल्यांदाच टेबलावर ठेवत होते.

चार गाड्या पाड्यावर आल्या. दिग्दर्शक तरुण होते, नम्र होते, आणि त्यांना भिंतीवर चौक हवा होता. आत्या म्हणाली, लगीन नाही तर चौक नाही. चौकात देवी असते, तिला उगाच बसवत नाहीत.

"देवी नको काढायला," दिग्दर्शक म्हणाले. "नुसता बाहेरचा चौकोन काढला तर चालेल ना, आजी?"

"चौकोन काढायला मी कशाला, तुमच्याकडं पट्टी हाय की."

शेवटी भिंतीवर झाडं आणि घोडे काढून भागवलं. मग गाण्याचा विषय निघाला. दिग्दर्शकांना आवतणाचंच गाणं आवडलं, कारण त्यात नावं एकामागून एक येतात आणि कॅमेऱ्याला डोंगर दाखवता येतात. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "खोटा आवतन कसा द्यायचा गं पोरी? लगीन कोनाचा?"

"माझ्यासाठी दे," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात पहिला नियम, सही आधी, कॅमेरा नंतर. करारनामा मीच लिहिला होता. त्यात गाण्याचे हक्क सध्या असलेल्या आणि पुढं शोध लागेल अशा सर्व माध्यमांसाठी, सर्व जगात, कायमस्वरूपी दिलेले होते. कायमस्वरूपी हा शब्द लिहावाच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, हे मी दर तुकडीला घोकून घ्यायची. पुढं एक वाक्य होतं, "कलाकार सदर गीत यापुढे अन्यत्र कोठेही, कोणत्याही स्वरूपात सादर करणार नाही." दुसऱ्या एखाद्या हळदवाल्यानं उद्या तेच गाणं घेतलं तर काय, अशी कंपनीला धास्ती होती, तिच्यासाठी ते वाक्य. 'अन्य जाहिरातीत' असं लिहून त्यांचं काम भागलं असतं. पण मोठं जाळं टाकायची आम्हाला सवय असते. हवं ते त्यात येतंच, नको तेही आलं तर आपलं काय जातं, असा हिशेब.

मी आत्याला ओट्यावर बसवून कलम न् कलम समजावलं. वाचून दाखवलं नाही, तिला कळेल असं सांगितलं.

"ह्यात लिहिलंय, आत्या, की हे गाणं आता ह्या लोकांचं झालं."

"समदा?"

"सगळं. टीव्हीत लावतील, मोबाइलमध्ये लावतील, उद्या आणखी काही निघालं तर त्यात लावतील."

"किती दिस?"

"कायमचं."

"मी मेल्यावर पन?"

"हो."

"बरा. आनि मी?"

"तू ते आता दुसरीकडं कुठं गायचं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "लगनात?"

ऊन उतरायला लागलं होतं. दिग्दर्शकांना तोच उजेड हवा होता, त्यांचा सहायक दुसऱ्यांदा येऊन माझ्या मागं उभा होता. "ते मी बघून घेते, आत्या," मी म्हणाले. "तू अंगठा दे."

तिनं अंगठा दिला. मग पाड्याच्या कडेला उभं राहून ती गायली. कुणालाही थांबवावंसं वाटेना, दिग्दर्शक सुद्धा 'कट' म्हणायचे राहिले. गाणं संपलं तरी ती डोंगराकडं तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलत होती. दिग्दर्शकांनी विचारलं, आजी काय म्हणतायत. मी तिला विचारलं.

"परत धाडते," ती म्हणाली. "बोलवला तं खरा, लगीन कुठं हाय हितं? म्हनला, जा घरी, चुकून बोलवला."

सगळे हसले. मीही हसले.

परतताना जव्हारला मुक्काम होता. संध्याकाळी शिरपामाळावर फिरायला गेलो तर दिग्दर्शक मला म्हणाले, "तुम्ही ज्या पद्धतीनं त्यांना समजावलंत ना मॅडम, ते मुलांना शिकवायला पाहिजे."

मी शिकवलं. पुढच्या प्रत्येक तुकडीला. पडद्यावर आत्याच्या अंगठ्याचा ठसा मोठा करून दाखवायची आणि विचारायची, संमती म्हणजे काय? मग ओट्यावरचा सगळा संवाद सांगायची. समदा, किती दिस, मी मेल्यावर पन. समोरच्याला त्याच्या बोलीत, त्याला कळेल असं, काहीही न लपवता सांगा, असं त्या तासाचं सार होतं. मुलं लिहून घ्यायची. तिनं विचारलेला शेवटचा प्रश्न मी सांगत नसे. लपवत होते असंही नाही, तो मला आठवतच नसे. माझ्या लेखी त्या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, कारण लग्नात गायचं नाही असं कुणाच्या मनातही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी मुलांना शिकवायची. समोरच्याच्या बाजूनं बसणारा वकील वेगळा हवा, आपण दोन्ही बाजूंनी बसू नये. ओट्यावर मी कंपनीची वकील होते आणि आत्याची भाची होते. आत्याच्या बाजूनं कुणी बसलंच नव्हतं, हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

नंतरच्या वर्षांत मी पाड्यावर जायची, वर्षातून एकदा, कधी दोनदा. आत्या नागलीची भाकरी करून घालायची. माझे केस पांढरे झाले म्हणून चिडवायची. जाहिरात बघितलीस का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बघितली. माझा लुगडा चांगला दिसतो." मी निवृत्त झाल्यावर तरी जास्त जायला हवं होतं, पण गुडघे दुखतात, चढ आहे, असं काहीबाही करून तीन वर्षांत पाच वेळा गेले असेन.

माघात ती गेली. दिवसांचं कार्य झालं, माणसं पांगली. तिची सून जानकी नागली निवडत ओट्यावर बसली होती. त्याच ओट्यावर. मी तिच्याजवळ जाऊन बसले. जानकी माझ्याहून बरीच लहान, स्वभावानं सासूसारखीच, थोडकं बोलणारी.

"ताई, एक विचारू? रागावशील."

"नाही रागवत. विचार."

"वैशाखात थोरल्या दिराच्या पोरीचा लगीन हाय. मला धवळेरी व्हायला सांगतात. मी आवतन गायला तं कंपनीची मानसा येतील का?"

मला प्रश्नच कळला नाही. "कुठली माणसं?"

"तुझा कागद हाय ना. सासूनं त्या कागदानंतर आवतन गायलाच नाय."

"गायलंच नाही म्हणजे?"

"एकदा पन नाय. बाकी समदा गायची. आवतनाची वेळ आली का कडेला जाऊन नुसती उभी राह्याची, हात जोडायची, परत यायची. लोकांना वाटला, म्हातारी झाली, दम पुरत नाय. धवळेरीला कोन विचारतो? मी विचारला तं म्हनली, दिला तं दिला."

जानकीचे हात चालू होते.

"मी म्हनला, अगं लगनात गायला तं कोनाला कळतो? तं म्हनली, मला कळल ना. मंग म्हनली, पोरगी बघून घेते बोललीय. तिचा बघून झाला का ती सांगल."

"मला का नाही विचारलं तिनं?"

"मी बोलली तिला, विचार. म्हनली, मोठ्या कामातली बाई, तिला कशाला ताप." जानकीनं सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "टीव्हीत ती जाहिरात लागली का ती उठून भायेर जायची. म्हनायची, बघ, परत बोलवला त्याहांला. रोज बोलवतात. बिचारे येतात नि परत जातात. आता परत धाडायला पन मी नाय तिथं."

मी तिला कायदा सांगितला, कारण मला तेवढंच येतं. म्हणाले, जानकी, अशी पिढ्यानपिढ्यांची गाणी कुणा एकाच्या मालकीची होत नाहीत. कंपनीचं आहे ते फक्त त्या दिवशी झालेलं ध्वनिमुद्रण. लग्नात गाण्यापासून तुम्हाला कुणीही अडवू शकत नाही, तेव्हाही अडवू शकत नव्हतं. असलं कलम कुठलंही न्यायालय मानणार नाही.

जानकीनं सगळं ऐकून घेतलं. "मंग तिचा अंगठा कशाचा घेतला?"

आत्या न्यायालयात जाणार नव्हती, दिलेला शब्द पाळणार होती. करार करताना आमची सगळी अक्कल एका शंकेपोटी खर्ची पडते, समोरचा पाळेल की नाही. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतका काटेकोर पाळला गेलेला करार दुसरा नाही. आणि मी केलेला एक तोंडी करार त्यात होता, बघून घेते म्हणाले होते तो. तो तेवढा मोडला गेला.

जव्हारला येऊन मी त्या जाहिरात संस्थेला पत्र लिहिलं. मागितल्या दोन गोष्टी. लग्नात गाण्याला आमची हरकत नाही असा खुलासा, आणि त्या दिवशीचं संपूर्ण ध्वनिमुद्रण. कारण जानकीला आवतण पूर्ण येत नव्हतं. धवळेरीचं गाणं सोबत गाऊनच शिकतात. जानकी लग्न होऊन आली त्यानंतर दोनच उन्हाळ्यांनी कागद झाला, आणि आत्याच्या जोडीला गाणारी दुसरी बाई त्याआधीच वारली होती.

संस्थेचे मालक आता बदलले होते. उत्तर दिलं ते ऋचा नावाच्या वकील मुलीनं. आधी तिनं फोन केला. "मॅडम, मी तुमची विद्यार्थिनी. तुमचं संमतीवरचं लेक्चर मी कधी विसरणार नाही."

मी म्हणाले, "विसरलीस तर बरं."

ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला. तिनं खरोखर शोधाशोध केली. मूळ ध्वनिमुद्रण मालकी बदलताना कुठंतरी गेलं होतं, मिळालं नाही. ना-हरकत पत्र मात्र तिनं आठवड्यात पाठवलं. सदर गीत 'खासगी, कौटुंबिक व अव्यावसायिक समारंभापुरते' गाण्यास हरकत नाही. हे शब्द मीच शिकवलेले. सूट द्यायची तर मोजून द्या, हेही मीच.

जानकी बाजाराच्या दिवशी जव्हारला आली तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. अव्यावसायिक म्हणजे काय ते तिनं विचारलं. मी सांगितलं, त्याबद्दल काही घ्यायचं नाही.

"धवळेरीला लुगडा देतात. भात देतात. ते चालल का?"

मी पत्राची घडी घातली. म्हणाले, "हे पत्र आपल्याला नको. त्याची गरजच नाही."

"त्या पयल्या कागदाची तरी कुठं गरज होती?" ती म्हणाली. रागानं नाही. नागलीतला खडा वेचावा तसं.

उरली ती जाहिरात. चाळीस सेकंदांची, मोबाइलवर अजून सापडते. जानकी तीन दुपारी माझ्याकडं येऊन बसली. आम्ही दोघी ती पुन्हा पुन्हा लावत होतो. आत्या सुरुवात करते, पाच नावं स्वच्छ ऐकू येतात. सहाव्याच्या मधोमध बासरी सुरू होते. मग एका पुरुषाचा भारदस्त आवाज येतो आणि तो हळदीच्या शुद्धतेबद्दल बोलत राहतो, त्याच्या खाली आत्या गात असते. ओठ हलताना दिसतात. जानकी कान लावून बसायची. "हा गप का बसत नाय," ती म्हणायची. एकदा तिनं मोबाइलवर हात ठेवला, जणू त्याचं तोंड दाबावं तसा. शेवटचं एक नाव पुन्हा स्वच्छ येतं, आणि हळदीचं पाकीट.

पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. दोघांनी मिळून चार नावं दिली, त्यातल्या एकावर त्यांचंच भांडण झालं. जे झरे दाखवता येत होते ते सगळ्यांना ठाऊक होते. जे आता दाखवता येत नाहीत ते फक्त गाण्यात होते.

मग मला करारनामा आठवला. मी कागद टाकत नाही, प्रत माझ्याकडं होती. कुठल्याही करारात घेतलेली गोष्ट नेमकी कोणती हे शेवटी परिशिष्टात लिहायचं असतं. त्यात कधीही कंजूषी करू नका, असं मी मुलांना बजावत असे, सगळं भांडण तिथंच होतं. पेटी उघडताना मला खात्री होती की गाण्याचे सगळे शब्द मी उतरवून घेतले असणार. जानकी दाराशी उभी होती.

परिशिष्ट 'अ' मध्ये गाण्याची पहिली एकच ओळ होती. "ये रं उंबरपान्या, लगनाला ये, इत्यादी (पारंपरिक)." खाली डाव्या बाजूला आत्याचा अंगठा.

मी ते मोठ्यानं वाचलं.

"इत्यादी म्हंजे?" जानकीनं विचारलं.

"आणि बाकीचे."

"बाकीचे कोन?"

मी पान उलटून पाहिलं, मागं कोरं होतं. जानकी म्हणाली, "लगनाला ये. तू बघून घेते बोलली होतीस. ते सगळ्यांसमोर सांग, मंगच मी गाईन."

वैशाखात मी गेले. आदल्या संध्याकाळी पाड्याच्या कडेला माणसं जमली. मी आयुष्यभर माणसांसमोर उभी राहून बोलले आहे, तिथं मला शब्द सापडेनात. शेवटी म्हणाले, "आत्यानं आवतण सोडलं ते दम नव्हता म्हणून नाही. मी चुकीचा कागद केला होता आणि तिला दिलेला शब्द पाळला नव्हता. ते गाणं कुणाचं झालेलं नाही. इथलंच आहे."

एक म्हातारा, नावांवरून भांडलेल्या दोघांतला, म्हणाला, "म्हंजे एवढी सालं आपल्या लगनांना ते कोनी आलेच नाय?"

"नाही," मी म्हणाले.

"माझ्या नातवाच्या पन?"

"नाही."

त्यानं मान हलवली आणि तो खाली बसला.

जानकी गायली. आत्यापेक्षा तिचा आवाज जाड आहे, पण सरळ. जी नावं मिळाली होती ती तिनं घेतली. मग जिथं बासरी आणि त्या माणसाचा आवाज येतो, तिथं ती थांबली. मला वाटलं विसरली. ती विसरली नव्हती. तिच्या मागच्या बाया टाळीनं ठेका धरत राहिल्या आणि जानकी डोंगराकडं बघत, जेवढा वेळ ती नावं घ्यायला लागला असता तेवढा वेळ, गप्प उभी राहिली. मग तिनं शेवटचं नाव घेतलं.

ह्या उन्हाळ्यात पाड्यावर तीन लग्नं झाली, तिन्हींना मी चढून गेले. दर वेळी जानकी तिथं थांबते. तेव्हा माझ्याकडं कुणी बघत नाही. मी खाली बसून तेवढ्या वेळात नावं आठवायचा प्रयत्न करते. शाळेत जायच्या आधी, आत्याच्या मांडीला टेकून, ती मी कितीतरी लग्नांत ऐकली आहेत. वाचलेलं मी सहसा विसरत नाही. ह्यातलं एकही आठवत नाही.